भाव नको विचारू, भाव कसा ठरला ते विचार

बाय, आधी तुझा प्रश्न मला कसा समजला ते लिहिते, चुकलं असेल तर सांग. तू फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जातेस, जाऊन-येऊन दोन तास बसमध्ये जातात आणि त्या वेळात तू अर्थतज्ज्ञांच्या मुलाखतींचे पॉडकास्ट ऐकतेस. ऐकताना सगळं पटतं पण बसमधून उतरलं की डोक्यात काही राहत नाही, आपल्या रोजच्या जगण्याशी ते जुळतच नाही. दुसरं म्हणजे तुला स्वतःला अशा गप्पा मराठीत रेकॉर्ड करायच्या आहेत, पहिली मार्दोळला देवळाकडे फुलं विकणाऱ्या तुझ्या मावशीशी, पण "टीचर, ती काय एक्स्पर्ट नाही, तिला विचारू तरी काय" असं तू लिहिलंयस.

मी हायर सेकंडरीला 27 वर्षं इकॉनॉमिक्स शिकवलं, आणि गेली अकरा वर्षं डिचोलीकडच्या आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा गप्पांचा कार्यक्रम चालवते. एका खुर्चीवर जाणकार, म्हणजे प्राध्यापक, बँकेतला माणूस, सीए, जो मिळेल तो, आणि दुसऱ्या खुर्चीवर तोच विषय रोज हाताने करणारा कोणीतरी. शंभराच्या वर गप्पा झाल्या असतील. तेव्हा तुझ्या मावशीबद्दलच्या त्या वाक्याला माझा सरळ विरोध आहे, आणि का ते सांगायला मला बांगड्यांपासून सुरुवात करावी लागेल.

सात-आठ वर्षं झाली असतील. मार्केटात मी जिच्याकडे नेहमी नुस्तें, म्हणजे मासळी, घेते त्या बाईकडे सकाळी दहाला बांगड्यांचा वाटा दोनशे रुपये होता, वाट्यात सहा बांगडे. संध्याकाळी साडेसहाला परत त्याच वाटेने आले तर तिच्यासमोर अजून अर्धी टोपली उरलेली, बर्फ वितळून खाली पाणी पाणी, आणि भाव विचारला तर तोच, दोनशे. मला नवल वाटलं कारण मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं की माल उरला की किंमत उतरते. मग खाली नीट बघितलं तर वाट्यात आठ बांगडे, आणि मी बघत उभी राहिले तेवढ्यात तिने नववा टाकला. म्हणजे सकाळी बांगडा 33 रुपयांना पडत होता तो संध्याकाळी 22 ला, किंमत उतरलीच होती, पण तोंडाने तिने दोनशेच सांगितले. मी विचारलं की मग सरळ दीडशे का नाही म्हणत, तर ती म्हणाली, "आयज दीडशें म्हळें जाल्यार फाल्यां तूं दीडशेंच दितली." आज दीडशे म्हटलं तर उद्या सकाळीपण तू दीडशेच देणार. गिऱ्हाइकाच्या लक्षात आकडा राहतो, बांगडे किती होते ते राहत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

आता हेच एक्स्पर्ट लोकांच्या भाषेत बघ. येल विद्यापीठातले ट्रुमन ब्यूली नावाचे अर्थशास्त्रज्ञ, मूळचे गणिती अंगाने काम करणारे, त्यांना एक कोडं सुटत नव्हतं की मंदीत माणसं बेकार असतात तरी कंपन्या पगार का कमी करत नाहीत, थिअरीप्रमाणे तर पगार उतरायला हवेत. 1990 नंतर अमेरिकेत मंदी आली तेव्हा ते उठले आणि मालकांना, मॅनेजरांना, युनियनवाल्यांना भेटत सुटले, 300 हून जास्त मुलाखती घेतल्या. मालकांनी जे सांगितलं ते साधारण असं की पगार कापला तर माणूस कामावर येतो पण मनाने येत नाही, राग धरून बसतो, त्यापेक्षा थोड्या लोकांना काढणं परवडतं, गेलेला माणूस निदान रोज समोर तरी नसतो. एकदा तोंडातून बाहेर पडलेला आकडा मागे घेता येत नाही. माझी नुस्तेंवाली आणि ते मालक एकाच गोष्टीला धरून वागत होते, फक्त तिला वाट्यात बांगडा वाढवायची सोय होती, मालकाला पगारात तशी सोय नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भाव विचारून काही शिकायला मिळत नाही, भाव कसा ठरला हे विचारलं की सगळं अर्थशास्त्र बाहेर येतं, आणि हे ज्याच्या हातून ठरतं तोच त्यातला जाणकार. मोठमोठ्या तज्ज्ञांनीही तेच केलंय. रोनाल्ड कोस, 1991 चं नोबेल मिळालेले, 1931-32 साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले तेव्हा विशीतले विद्यार्थी होते, आणि लायब्ररीत बसायचं सोडून फोर्ड, जनरल मोटर्सचे कारखाने बघत फिरले. एखादा भाग तुम्ही स्वतः बनवता आणि दुसरा बाहेरून विकत घेता, हे कशावरून ठरवता, एवढंच विचारत राहिले. त्यातून 1937 चा त्यांचा तो प्रसिद्ध लेख आला, कंपनी नावाची गोष्ट मुळात असतेच कशाला यावरचा. बाजारात जाऊन दरवेळी माणूस शोधणं, भाव करणं, करार करणं यालाही खर्च येतो, तो खर्च जास्त असेल तेव्हा माणसं एका छपराखाली येतात. तुझ्या वेर्ण्याच्या कंपनीत कॅन्टीन कंत्राटावर आणि लॅब स्वतःची असं का आहे, हे तू उद्या जेवणाच्या सुट्टीत विचारू शकतेस, तो कोसचाच प्रश्न आहे.

आता ऐकण्याबद्दल. इंग्रजीत तू जे ऐकतेस त्यात इकॉनटॉक नावाचा पॉडकास्ट असेल तर चांगलंच आहे, रस रॉबर्ट्स ते 2006 पासून चालवतात, दर सोमवारी नवीन भाग, साधारण तासाभराचा. कोसना त्यांनी 2012 मध्ये बोलावलं होतं तेव्हा कोस 101 वर्षांचे होते. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन 2006 मध्ये गेले, त्याआधी थोडेच महिने तिथे बोलले होते. मला रॉबर्ट्स आवडायचं कारण त्यांची मतं नव्हे, मतं मला कितीतरी वेळा पटत नाहीत, पण समोरच्याला ते स्वतःच्या मताविरुद्धचा मुद्दा मांडायला पुरता वेळ देतात आणि पाहुण्याचं काम आधी वाचून बसतात. आपल्याकडे मुलाखत घेणारा अर्धा वेळ पाहुण्याचं कौतुकच करत बसतो, ते टाळता आलं पाहिजे.

पण तासभर सलग ऐकू नको. वीस मिनिटं ऐक, बोरीचा पूल आला की बंद कर आणि वेर्ण्यापर्यंत फक्त एवढंच कर, ऐकलेला एक मुद्दा मराठीत, मनातल्या मनात, तुझ्या आईला सांगितल्यासारखा सांग. इंग्रजी शब्द आला की अडायचं. "ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट" म्हटलं की आपल्याला वाटतं समजलं, पुस्तकात त्याला संधी खर्च म्हणतात तेही कोणी बोलत नाही, पण "एक केलं म्हणून दुसरं काय हुकलं" असं म्हटलं की आई लगेच स्वतःचं उदाहरण देईल, गव्हर्नमेंटची नोकरी आली होती आणि तुझ्या बाबांची बदली होती तेव्हाचं वगैरे. "इन्सेन्टिव्ह"ला मला अजून चांगला एकच मराठी शब्द सापडलेला नाही, मी "हा हे कशापायी करतोय" असं म्हणते आणि वर्गात ते चालायचं. जो मुद्दा असा सांगता येत नाही तो तुला समजलेला नाही, परत ऐक, त्यात कमीपणा नाही, मीही परत ऐकते.

आणि दुसरं, तज्ज्ञ जे सांगतोय ते कुठे मोजलं, कोणाचं मोजलं, हे लिहून ठेव. याचं एक उदाहरण मी नेहमी देते. रॉबर्ट जेन्सन यांचा 2007 चा केरळवरचा अभ्यास आहे. 1997 ते 2001 या काळात तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आला, समुद्रातही थोड्या अंतरापर्यंत रेंज मिळायला लागली, आणि तारले पकडणारे लोक होडीतूनच फोन करून कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारायला लागले. त्याआधी एका बंदरावर मासळी जास्त झाली म्हणून फेकून द्यायची वेळ यायची आणि थोड्या किलोमीटरवर दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. मोबाइल आल्यावर फेकणं जवळजवळ थांबलं, मच्छीमारांचा नफा साधारण 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी साधारण 4 टक्के स्वस्त पडली, म्हणजे दोघांचाही फायदा. किती सुंदर निष्कर्ष आहे! मी भारावून जाऊन तो एका जेटीवरच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला फोन आहे हो, पण डिझेल आणि बर्फासाठी मी एजंटाकडून उचल घेतलेली आहे, मासळी त्यालाच घालावी लागते, दुसरीकडे दहा रुपये जास्त मिळतात हे फोनवर कळून मी करू काय. म्हणजे जेन्सन चुकले असं नाही, त्यांनी जिथे मोजलं तिथे ते खरं आहे. पण माहिती मिळणं आणि त्या माहितीवर वागायची मोकळीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला त्या तांडेलाने शिकवलं. तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला मी विचारते की तुम्ही म्हणता हे कुठे लागू पडत नाही, आणि ज्याला याचं उत्तर देता येत नाही त्याचं बाकीचं मी जरा जपूनच घेते.

खाजनाची गप्प सांगते, आमच्या वाचनालयात सगळ्यात रंगलेली. विषय होता सगळ्यांच्या मालकीची वस्तू. कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडणार आणि शेवटी कुरणच संपणार, असं गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं, आणि पुष्कळ वर्षं लोक समजत होते की यावर उपाय दोनच, एकतर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर खाजगी करून टाका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या गावांचे कालवे, जंगलं, मासेमारीच्या जागा बघून दाखवलं की तिसरी वाट आहे, लोक स्वतःच नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि शतकानुशतकं टिकवतात. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे मिळालेल्या त्या पहिल्या बाई. आमचे पाहुणे प्राध्यापक त्यांची आठ तत्त्वं समजावून सांगत होते, हद्द ठरलेली असावी, नियम तिथल्या परिस्थितीला धरून असावेत, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात असावा, राखण करणारा त्यांना जबाबदार असावा, शिक्षा एकदम मोठी नसावी वगैरे.

दुसऱ्या खुर्चीवर खाजन शेती केलेले एक आजोबा होते, सत्तरी ओलांडलेले. तुला खाजन माहीत असेलच पण तरी सांगते, खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची ही जमीन, मातीचे बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि मध्ये मानस, म्हणजे लाकडी दारं, भरतीचं पाणी ढकलतं तेव्हा आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं. पावसात भात, त्यानंतर मासळी आणि सुंगटां, म्हणजे कोळंबी. पूर्वी हे सगळं गांवकारी, म्हणजे गावची जमीन सांभाळणारी जुनी संस्था, बघायची. आजोबा तिसऱ्या-चौथ्या तत्त्वापर्यंत गप्प होते, मग म्हणाले की सर, हे सगळं बरोबर आहे, पण मानशीवरच्या मासळीची पावणी कोण करतो ते बघा, तिथेच सगळं आहे. पावणी म्हणजे लिलाव. जो जास्त बोली लावून मानशीवर जाळं टाकायचा हक्क घेतो त्याला वाटणारच की दार जास्त वेळ उघडं राहावं, जेवढं खारं पाणी आत तेवढी सुंगटां जास्त, पण खारं पाणी जास्त आलं की भाताची जमीन गेली. जोपर्यंत पावणी करणारे स्वतः त्याच खाजनात भात लावत होते तोपर्यंत दारावर त्यांची नजर होती, अमावस्येच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन बांधावर जायला माणसं होती, कारण बांध फुटला तर त्यांच्याच घरचं भात बुडणार होतं. गोवा मुक्तीनंतर 1964 पासून कूळ कायदे आले, जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते व्हायलाच हवं होतं, आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. पण पुढे कोणाची मुलं नोकरीला गेली, कोणी शेत पडीक टाकलं, आणि संघटनेला पावणीचे पैसे तेवढे दिसायला लागले. भात लावणाराच उरला नाही तर दार बंद ठेवायची घाई कोणाला, असं ते म्हणाले.

प्राध्यापकांनी वही काढून ते लिहून घेतलं. मला तो क्षण अजून आठवतो, कारण आठ तत्त्वं एका बाजूला आणि लाकडाचं एक दार दुसऱ्या बाजूला असं आमच्या समोर होतं, आणि दार कोणाच्या हातात आहे आणि त्याचं पोट कशावर आहे एवढं बघितलं की आठही तत्त्वं समजत होती. तू ऑस्ट्रॉमवरचा एपिसोड ऐकलास की एखाद्या रविवारी बोरीकडे नाहीतर दुर्भाटला जाऊन बांधावर उभी राहा, कोणीतरी भेटेलच.

सगळ्याच गप्पा अशा गोड होत नाहीत. आमचा भाग खाणींचा. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या भावाचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला, हप्ता चालू. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवताना वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकायला सांगितली, मग परत 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चपासून सगळं थांबलं. त्यानंतरच्या आमच्या एका गप्पेत पाहुणे सांगत होते की खनिज हे उत्पन्न नव्हे, ती ठेव आहे, घरातलं सोनं विकून आलेल्या पैशाला आपण पगार म्हणत नाही, मग खनिज विकून आलेल्या पैशाला कमाई कशी म्हणता, आणि ते सोनं आपल्या नातवंडांचंही आहे. समोर रस्त्याकडेला चहाचं हॉटेल असलेला माणूस बसला होता. तो म्हणाला ट्रक चालू होते तेव्हा सकाळी माझी दोन मोठी टोपं पातळ भाजी संपायची, आता अर्धं टोप उरतं, पाववाल्याला पाव कमी सांगितले, भांडी घासायला येणाऱ्या बाईला यायला नको म्हणून सांगितलं, आणि ती बाई ज्या दुकानात सामान भरायची त्या दुकानात आता उधारी वाढलीय. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई आणि त्याचा खर्च तिसऱ्याची, असा वाढत जाणारा मल्टिप्लायर मी फळ्यावर शेकडो वेळा काढला असेल, पण उलटा फिरणारा मल्टिप्लायर इतका नीट मला कोणी सांगितला नव्हता.

त्या दिवशी आवाज चढले. मी चूक केली ती ही की दोघांना एकमेकांसमोर उभं केलं, जणू एकाने हरायचं आणि एकाने जिंकायचं. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. एकाचा प्रश्न होता ही संपत्ती कोणाची, दुसऱ्याचा होता पुढच्या महिन्यात चूल कशी पेटायची, आणि पहिल्याचं उत्तर कितीही खरं असलं तरी दुसऱ्याचं उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. आता मी गप्पेच्या मध्ये थांबून दोघांना सांगते की हा प्रश्न वेगळा आणि तो वेगळा, आधी एक घेऊ. तू रेकॉर्ड करशील तेव्हा हे डोक्यात ठेव, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बाकी विषयांना आपल्याकडे तोटा नाही. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात कवंडळं, कांगलं, घागऱ्या, तोरिंगं यांचे भाव दुपारी आकाशाला लागतात आणि रात्री तोच माल टाकून द्यावा लागतो कारण दुसऱ्या दिवशी तो कोणाला नको असतो. इकॉनटॉकवर माइक मंगर या अर्थतज्ज्ञांच्या गप्पा आहेत, 1996 च्या फ्रॅन वादळानंतर वीज गेलेल्या शहरात बाहेरून बर्फ आणून चढ्या भावाने विकणाऱ्या पोरांना पोलिसांनी पकडलं तर रांगेत उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बर्फ मात्र कोणालाच मिळाला नाही. तो ऐकून झाल्यावर माटोळीच्या बाजारात सत्तरी तालुक्याच्या रानातून ओझं घेऊन आलेल्या बाईशी बोल, ती चढा भाव घेते पण जुन्या गिऱ्हाइकासाठी एक जुडी जुन्या भावाने बाजूला काढून ठेवते, ते का हे मंगरना विचारलं तर त्यांनाही आवडेल. पुरुमेंत बघ, पावसाच्या चार महिन्यांसाठी मे महिन्यात सुकं नुस्तें, मिरच्या, सोलां, मीठ भरून ठेवायचं, कमाई वर्षभर सारखी नसली तरी जेवण सारखं ठेवायची ही रीत आपल्या आज्या करायच्या, आणि माणूस आजच्या कमाईवर नव्हे तर लांबच्या सरासरी कमाईवर खर्च ठरवतो असं फ्रीडमननी 1957 मध्ये मांडलं त्याच्या हे अगदी जवळ जातं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते त्या काळात घरातला खर्च कसा चालतो हे विचारलंस तरी तोच धडा. आणि 2018 च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याची शंका आली तेव्हा माझ्या बांगडेवालीचं ताजं नुस्तेंही पडून राहिलं, कारण चांगलं-वाईट गिऱ्हाइकाला वरून ओळखता येत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं ते असंच, विश्वास गेला की चांगला माल विकणाराही उठून जातो.

आणि प्रत्यक्ष तज्ज्ञ ऐकायचे तर पणजीत कला अकादमीत 2008 पासून दामोदर कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव होत आलाय, तिथे जात जा. व्याख्यानानंतर प्रश्नांचा वेळ असतो, भाषण न करता एका वाक्यात प्रश्न विचारायची सवय तिथे लागते.

आता मावशी. तिला "तुला काय वाटतं" असलं काही विचारू नको, महागाईबद्दल तुझं मत काय असं विचारलंस की टीव्हीवर ऐकलेलं सांगेल. तिने काल काय केलं ते विचार. पहाटे फुलं कुठून आली, किती घेतली, ती किती हे आदल्या रात्री कशावरून ठरवलं. पैसे रोख दिले की आठवड्याने देते. फाती, म्हणजे फुलांच्या माळा, कोण ओवतं, घरात ओवून घेते की शेजारणीला देते, शेजारणीला दिली तर फातीवर पैसे की दिवसावर, आणि फातीवर असतील तर सैल ओवते का. अबोली महाग झाली की फातीचा भाव वाढवते की अबोल्या कमी घालते, म्हणजे माझ्या बांगडेवालीसारखंच, फक्त उलट्या बाजूने. शेजारी बसणाऱ्या बायका आणि ती, सगळ्यांचा भाव एकच कसा असतो, कोणी पाच रुपये उतरवले तर तिच्याशी बाकीच्या बोलतात का. बसायची जागा कशी मिळाली हेही विचार, पण हे शेवटी, आणि दुसरं कोणी ऐकत नसताना. कमाई किती हा आकडा कधीच विचारू नको, तो तिने आपणहून सांगितला तरी बाहेर टाकण्याआधी तिला परत ऐकव आणि हो म्हणाली तरच ठेव. आमच्याकडे एकदा असा आकडा गावभर झाला आणि त्या माणसाकडे उसने मागणाऱ्यांची रीघ लागली, त्याने परत माझ्याशी त्या विषयावर बोलणं टाकलं, आणि त्याचं बरोबर होतं.

उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नको, चार-पाच सेकंद थांब, माणूस खरं काय ते त्या थांबण्यात सांगतो. मोबाइल तिच्या मांडीजवळ ठेव, फ्लाइट मोडवर, पंख्याखाली नको. बोलू दे तिला तिच्या कोकणीत, मध्ये मध्ये मराठीत तू सांग. रविवार टाळ, टूरिस्टांच्या बसेस असतात, सोमवारही नको, मंगेशीला जाणारे लोक मार्दोळलाही उतरतात. मधल्या वारी दुपारी दोन-अडीचला जा, तेव्हा ती भिंतीला टेकून ओवत बसलेली असेल, हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. तूही दोरा घेऊन बस.

रेकॉर्डिंग झालं की मला फाइल पाठव, कच्चीच पाठव, एडिट करत बसू नको. रात्री आरती झाल्यावर ज्या फाती उरतात त्यांचं ती काय करते, तेवढं मला सगळ्यात आधी ऐकायचंय.